वर्कस्टेशन : नावाचे आणि कामाचे

(द्वितीय वर्ष कला)

संगणक या विषयावर कला शाखेच्या विद्यार्थिनीने लेख लिहावा हे पाहून काहींना नवल वाटेल, तर काहींना हसू येईल. ते साहजिकच आहे. माझा विषय भूगोल. संगणकशास्त्राचा एकही पेपर मी आजवर दिलेला नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रश्न असा उभा राहिला की तो सोडवावयास माझ्याशिवाय दुसरे कोणी नव्हते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे बँकेचा फॉर्म असो, औषधाच्या बाटलीवरील इंग्रजी असो की वीजबिलातील घोळ असो, "ती कॉलेजात जाते, तिला विचारा," हे ठरलेलेच. या वेळचा प्रश्न होता, वर्कस्टेशन म्हणजे काय?

हा प्रश्न आमच्याकडे आला कसा ते प्रथम सांगते. माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, बाजार समितीच्या आवारात मापाडी आहेत. थोरला दादा आयटीआयमधून स्थापत्य आरेखक झाला. दोन वर्षे एका इंजिनिअरकडे काम केल्यावर त्याने स्वतःची खोली भाड्याने घेऊन घरबांधणीचे नकाशे काढून देण्याचे ठरविले. त्यासाठी संगणक हवा. दादा आणि मी शहरात गेलो. दुकानदाराने दोन यंत्रे दाखविली. एक ४६ हजारांचे, दुसरे ७८ हजारांचे. पहिल्याकडे बोट करून तो म्हणाला, "हा साधा पीसी." मग दुसऱ्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि हे वर्कस्टेशन. ताई, इंजिनिअर लोक हेच नेतात." दुसऱ्या पेटीची एक बाजू काचेची होती आणि आत निळेजांभळे दिवे फिरत होते. दादाचे डोळे त्या दिव्यांवरून हलेनात. खरे सांगायचे तर माझेही. आईने बचत गटातून ४० हजार काढले, बाकीचे दादाने साठविलेले होते. बिलावर ठळक अक्षरांत 'वर्कस्टेशन' असे छापून मिळाले.

चार महिन्यांनी ते यंत्र कुरकुरू लागले. दादा एखाद्या घराचे त्रिमिती चित्र पडद्यावर फिरवून पाहू लागला की नकाशाचा प्रोग्रॅम आपोआप बंद होई आणि केलेले काम जाई. एका रात्री तो मला म्हणाला, "वर्कस्टेशन असं बंद पडतं का गं? तुमच्या सरांना विचार की." मी दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या सरांना विचारले. सर उपग्रहाच्या छायाचित्रांवर काम करतात, त्यामुळे त्यांना अशा यंत्रांची चांगली ओळख आहे. त्यांनी उत्तर दिले नाही. "हा शब्द कोठून आला ते आधी शोधून काढ, मग मशीनकडे बघ," एवढेच म्हणाले. पुढे जे लिहीत आहे ते त्या शोधाचे फळ आहे.

एके काळी संगणक म्हणजे एक मोठी खोलीभर यंत्रणा असे, आणि अनेक माणसे तिच्यापुढे रांग लावीत किंवा आपापल्या टर्मिनलवरून तिचा वेळ वाटून घेत. एका माणसाच्या टेबलावर एक पूर्ण संगणक असावा ही कल्पना चैनीची मानली जाई. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली 'आल्टो' नावाचे यंत्र तयार झाले. त्याला चित्रे दाखविणारा पडदा होता, माउस होता, आणि शेजारच्या यंत्रांशी तारेने बोलण्याची सोय होती. ते बाजारात कधी विकावयास आले नाही. मात्र टेबलावरच्या शक्तिमान यंत्राचा नमुना त्याने घालून दिला.

अशा यंत्राला मोजमाप लावून देणारे गृहस्थ आपल्याकडचे होते हे वाचून मला विशेष आनंद झाला. त्यांचे नाव राज रेड्डी. चित्तूर जिल्ह्यातील कट्टूर या खेड्यात १९३७ साली एका शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले आणि आपल्या कुटुंबात कॉलेजात गेलेले ते पहिलेच. (हे वाक्य मी दोनदा वाचले.) मद्रासजवळच्या गिंडी येथे ते इंजिनिअर झाले, पुढे ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत शिकले, आणि १९९४ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना विभागून मिळाला. १९८० नंतरच्या एकदोन वर्षांत कार्नेगी मेलन विद्यापीठात रेड्डी आणि त्यांचे सहकारी म्हणू लागले की, संशोधकाच्या टेबलावरील यंत्राला तीन गोष्टी हव्यात. दहा लाख अक्षरे मावतील एवढी स्मृती, दहा लाख ठिपक्यांचा पडदा आणि सेकंदाला दहा लाख आज्ञा पाळण्याचा वेग. तिन्ही इंग्रजी शब्दांचे आद्याक्षर 'एम' असल्यामुळे त्याला 'थ्री एम' यंत्र म्हणू लागले. कोणी विनोदाने चौथा 'एम' जोडी, तो किमतीचा : दहा लाख सेंट, म्हणजे दहा हजार डॉलर.

या मापाशेजारी त्याच काळचा साधा संगणक ठेवून पाहावा. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला प्रसिद्ध पीसी बाजारात आणला. सर्वांत स्वस्त नमुन्याची किंमत १,५६५ डॉलर होती आणि त्यात स्मृती होती १६ किलोबाइट. दहा लाखांपुढे हे सोळा हजार म्हणजे पोत्यापुढे ओंजळ. त्याच्या रंगीत कार्डावर बारीकात बारीक चित्र काढले तरी ते ६४० गुणिले २००, म्हणजे १ लाख २८ हजार ठिपक्यांचे, आणि तेही दोनच रंगांत. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे यांस ते पुरेसे होते. विमानाचा पंख त्यावर आखता आला नसता.

तो पंख आखण्यासाठी जी यंत्रे निघाली ती वर्कस्टेशन या नावाने प्रसिद्ध झाली. अपोलो कंपनी १९८० साली स्थापन झाली, सन कंपनी १९८२ साली. सन या नावाचा सूर्याशी संबंध नाही. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क या तीन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. तिच्या चार संस्थापकांपैकी एक विनोद खोसला, त्यांचा जन्म पुण्याचा. चित्रांच्या कामात सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी पुढे होती. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क' चित्रपटात जे डायनोसॉर संगणकावर निर्माण केले ते तिच्याच यंत्रांवर. या यंत्रांचा प्रोसेसर वेगळा, पडदा वेगळा, चालविणारी प्रणाली वेगळी. पीसी आणि वर्कस्टेशन समोरासमोर ठेवली तर आमच्या आईनेही फरक ओळखला असता.

मग ही भिंत पडली. पीसीचे प्रोसेसर दर वर्षी वेगवान होत गेले. १९९३ साली विंडोज एनटी ही भरवशाची प्रणाली आली, १९९५ साली इंटेलचा पेंटियम प्रो आला, आणि इंजिनिअरांना दिसले की महागड्या यंत्रावरचे काम आता निम्म्याहून कमी पैशांत होते. अपोलो कंपनी १९८९ मध्येच ह्यूलेट पॅकार्डने घेतली होती. सिलिकॉन ग्राफिक्स २००९ साली विकली गेली, सन २०१० साली ओरॅकलच्या पोटात गेली. आज वर्कस्टेशन म्हणून जे मिळते त्याचे कूळ पीसीचेच आहे. आणि राज रेड्डींच्या तीन 'एम'चे म्हणाल, तर आपल्या वर्गातील कोणाही मुलीच्या पर्समधील मोबाइल ते तिन्ही कधीच ओलांडून गेला आहे.

येथे मी अडले. वेग हा भेद उरला नसेल, तर ३२ हजार रुपये जास्त कशाचे? सरांनी तेव्हा मला एकच शब्द दिला, "भरवसा." तो शब्द ऐकून मी थोडी नाराजच झाले, कारण भरवसा तर दुकानदारही देतो. पण वाचत गेले तसे कळले की यंत्राचा भरवसा मोजता येतो, आणि तो त्याच्या स्मृतीत दडलेला असतो.

संगणकाची स्मृती, जिला दुकानात रॅम म्हणतात, ती म्हणजे शून्य आणि एक यांची अगणित घरे. प्रत्येक घर म्हणजे विजेचा एक सूक्ष्म थेंब धरून ठेवणारी वाटी. वाटी भरलेली असली तर एक, रिकामी असली तर शून्य. हा थेंब इतका लहान असतो की बाहेरच्या एखाद्या कणाच्या धक्क्याने शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होऊ शकतो. १९७८ साली इंटेलच्या संशोधकांनी दाखवून दिले की चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी अंशातून निघणारे अल्फा कण अशी गडबड करतात. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळेही तेच घडते. ज्या विश्वकिरणांचा अभ्यास करून डॉ. होमी भाभा यांनी नाव मिळविले, ते आपल्या टेबलावरच्या पेटीतही लुडबुड करीत असतील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. शिवाय चिप जुनी झाली, सदोष निघाली, तापली, तरीही चुका होतात. गूगल कंपनीच्या हजारो यंत्रांवर अडीच वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत स्मृतीची निदान एक तरी चूक नोंदली गेली होती.

एक घर उलटले तर काय बिघडते? बहुतेक वेळा काहीच नाही. कधी प्रोग्रॅम बंद पडतो. पण तिसरा प्रकार सर्वांत वाईट. दादाच्या नकाशात एक भिंत ३००० मिलिमीटरची आहे असे धरू. हा आकडा संगणक शून्य-एकच्या बारा घरांत लिहितो. त्यातील सर्वांत मोठ्या किमतीचे घर उलटले तर ३००० चे ९५२ होतात. ही चूक आंधळ्यालाही दिसेल. पण आठ किमतीचे घर उलटले तर २९९२ होतात, आणि हे दादालाही दिसणार नाही, गवंड्यालाही दिसणार नाही. (प्रत्यक्षात नकाशाचा प्रोग्रॅम आकडे जरा निराळ्या रीतीने लिहितो, पण समजण्यापुरते हे पुरे.)

याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे बेल्जियममधील. राज्यशास्त्राच्या मित्रांनी ते जरूर ध्यानात ठेवावे. १८ मे २००३ रोजी तेथे निवडणूक झाली. ब्रुसेल्स शहरातील स्कारबेक या भागात मतदान यंत्राने एका उमेदवाराला इतकी मते दिली की ती नियमाने शक्यच नव्हती, म्हणूनच चूक पकडली गेली. फेरमोजणी केली तेव्हा नेमकी ४,०९६ मते जास्त निघाली. एकाला दोनाने बारा वेळा गुणत गेले की, म्हणजे दोनाचा बारावा घात केला की, ४,०९६ येतात. स्मृतीतील एकच घर उलटले तर नेमका असाच फरक पडावा. तज्ज्ञांनी प्रोग्रॅम तपासला, त्यात दोष सापडला नाही, आणि स्मृतीतील घर आपोआप उलटले असावे हेच कारण सर्वांत संभवनीय ठरले. फरक थोडक्या मतांचा असता आणि तो नियमात बसला असता, तर कोणाला कळले असते?

यावरचा उपाय फार जुना आहे, आणि त्याच्या मागची हकीकत मला या साऱ्या अभ्यासात सर्वांत आवडली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. १९४७ च्या सुमारास त्यांना तेथील संगणक शनिवार-रविवारी वापरावयास मिळे. आठवड्याच्या इतर दिवशी यंत्राला चूक आढळली तर ते थांबे आणि माणूस येऊन ती दुरुस्त करी. सुट्टीच्या दिवशी माणूस नसे. त्यामुळे चूक आढळली की यंत्र ते काम सोडून देई आणि पुढचे हाती घेई. सलग दोन सोमवारी हॅमिंग आले आणि पाहतात तो काम झालेलेच नाही. ते चिडले. यंत्राला चूक झाली एवढे कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, आणि कळले तर दुरुस्त का करता येऊ नये, हा विचार त्यांनी धरला. त्यातून जी पद्धत निघाली ती त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केली.

ही पद्धत मला पुस्तकातून चार वेळा वाचूनही समजेना. ती समजली आण्णांच्या वहीतून. आण्णा प्रत्येक शेतकऱ्याची एक ओळ लिहितात आणि मोठा, मध्यम, गोल्टी असे कांद्याचे तीन रकाने करतात. प्रत्येक खान्यात गोण्यांचा आकडा. संध्याकाळी ते आडवी बेरीजही करतात आणि उभी बेरीजही, आणि दोन्ही आडत्याकडच्या बेरजांशी ताडून पाहतात. समजा, एकच आकडा चुकीचा पडला. मग एक आडवी ओळ जुळणार नाही आणि एक उभा रकाना जुळणार नाही. ती ओळ आणि तो रकाना जेथे एकमेकांना छेदतात त्याच खान्यात चूक आहे. आण्णांना सगळी वही पुन्हा तपासावी लागत नाही. हॅमिंग यांची युक्ती मुळात हीच. फक्त त्यांनी बेरजांचे गट अशा चतुराईने एकमेकांत गुंतविले की थोड्या बेरजांत काम भागते. ६४ घरांसाठी सात तपासणी-घरे पुरतात. आणखी एक घर जोडले की दोन चुका एकदम झाल्या तर निदान त्या झाल्याचे कळते. म्हणजे ६४ ला ८, एकूण ७२. एक चूक झाली तर यंत्र ती जागच्या जागी सुधारते आणि नोंद ठेवते. दोन झाल्या तर ओरडते. चूक सुधारणाऱ्या अशा स्मृतीला ईसीसी म्हणतात. आण्णांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय केलं त्याने?"

आता यातली गंमत पाहा. रॅमच्या साध्या पट्टीवर बहुधा आठ चिप असतात, प्रत्येकीकडे आठ घरांची जबाबदारी. आठी आठी चौसष्ट. ईसीसी पट्टीला बहात्तर घरे सांभाळावयाची म्हणून तिच्यावर नववी चिप असते. हे वाचले त्या रात्री दादाने आणि मी यंत्राची वायर काढली, काचेची बाजू उघडली आणि पट्टी बाहेर घेतली. ती डीडीआर-४ जातीची होती. आम्ही चिप मोजल्या. आठ. दादाने उलटून पाहिले, मागे एकही नव्हती. पुन्हा मोजल्या. आठच. दादा काही बोलला नाही. पट्टी जागच्या जागी बसवून त्याने काच लावली.

चिप मोजणे ही अर्थातच अचूक परीक्षा नव्हे. काही पट्ट्यांवर चारच मोठ्या चिप असतात, काहींवर शोभेचे पत्रे लावून त्या झाकलेल्या असतात, आणि नव्या डीडीआर-५ पट्ट्यांचा हिशेब वेगळा आहे. डीडीआर-५ च्या बाबतीत "यात ईसीसी असतेच" असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. तिच्या प्रत्येक चिपच्या पोटात स्वतःपुरती तपासणी असते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत काही बिघडले तर त्याला ती जबाबदार नाही. शिवाय नुसती नववी चिप आणून बसविली म्हणून भागत नाही. प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोघांनीही ती मानली पाहिजे, आणि साध्या पीसीचे अनेक मदरबोर्ड तिची दखलही घेत नाहीत. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त वर्कस्टेशनमध्येही पुष्कळदा साधीच रॅम घालून देतात, ईसीसी मागून घ्यावी लागते.

पण दादाचा प्रोग्रॅम बंद पडत होता त्याचे कारण नववी चिप नव्हे. हे मला तीन आठवड्यांनी कळले आणि तोवर मी घरात नवव्या चिपवर बरीच व्याख्याने देऊन बसले होते. खरे कारण निघाले ग्राफिक्स कार्डाचे. पडद्यावर चित्र काढणारे हे कार्ड आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक दुभाषी असतो. दादाच्या यंत्रातले कार्ड खेळांसाठी बनविलेले होते. खेळात एखादी आकृती क्षणभर चुकली तर खेळणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही, तेथे वेग महत्त्वाचा. नकाशाच्या प्रोग्रॅमला रेघ जेथल्या तेथे लागते. म्हणून या कामासाठी वेगळी कार्डे मिळतात. पुष्कळदा आतली चिप खेळाच्या कार्डाच्याच घराण्यातली असते, पण दुभाषी वेगळा शिकविलेला असतो. नकाशाचे प्रोग्रॅम बनविणाऱ्या कंपन्या ठराविक यंत्रे, ठराविक कार्डे आणि ड्रायव्हरची ठराविक आवृत्ती घेऊन तपासणी करतात आणि पास झालेल्यांची यादी प्रसिद्ध करतात. वर्कस्टेशनच्या किमतीतला मोठा भाग या शिक्क्याचा असतो.

बाजार समितीत वाढलेल्या मुलीला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आण्णांच्या काट्यासारखाच दिसणारा इलेक्ट्रॉनिक काटा बाजारात त्याहून स्वस्त मिळतो, आणि वजनही बहुतेक बरोबरच दाखवितो. पण त्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का नसेल तर त्यावर केलेले माप समितीत चालत नाही. दर वर्षी तपासणी करून शिक्का नवा करून घ्यावा लागतो. घरात पीठ मोजावयास बिनशिक्क्याचा काटा पुरतो. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या पैशांचा प्रश्न असला की पुरत नाही.

दादाचे कार्ड यादीत नव्हते. परंतु त्याच्या कार्डाच्या बऱ्याच जवळचे एक कार्ड होते आणि त्याच्यापुढे ड्रायव्हरची जी आवृत्ती लिहिली होती ती थोडी जुनी होती. दादाने नवी काढून ती जुनी घातली. तेव्हापासून प्रोग्रॅम क्वचितच बंद पडतो. खर्च शून्य.

बाकीचे भेद थोडक्यात सांगते. वर्कस्टेशनला जास्त रॅम आणि जास्त कार्डे बसविण्यास जागा असते, त्याचा वीजपुरवठा आणि पंखे दिवसरात्र पूर्ण भार सोसण्याच्या हिशेबाने बनविलेले असतात, आणि बिघडले तर माणूस जागेवर येऊन दुरुस्त करील असा करार पुष्कळदा बरोबर मिळतो. बाहेरून मात्र ते काळे, ओबडधोबड, बिनदिव्याचे असते. आमच्या भूगोल विभागात कोपऱ्यात असे एक आहे. त्याच्यावर आम्ही दोन वर्षे छत्र्या ठेवीत होतो.

मग दादाला खरे वर्कस्टेशन घ्यावयास हवे होते काय? माझ्या मते नाही. धरणाच्या भिंतीवरील ताणाचे गणित ज्या यंत्रावर आठवडाभर अखंड चालते, किंवा ज्याच्या पडद्यावर डॉक्टर फुप्फुसातील गाठ शोधतात, तेथे ते पाहिजेच. दोन मजली घराचा नकाशा काढणाऱ्याला, जो दर दहा मिनिटांनी काम साठवतो आणि शेवटी प्रत्येक माप स्वतः पुन्हा तपासतो, त्याला ४६ हजारांचा पीसी पुरेसा होता. आम्ही अधिक पैसे दिले ते एका शब्दाचे, आणि त्या शब्दामागची वस्तू मिळाली नाही ती नाहीच.

आम्ही दुकानात गेलो होतो. मी बिल पुढे केले आणि नवव्या चिपविषयी विचारले. दुकानदार हसून म्हणाला, "ताई, वर्कस्टेशन म्हणजे कामाचं स्टेशन. तुम्ही त्याच्यावर काम करता ना? मग झालं." याला उत्तर मला सुचले नाही, आणि रागाबरोबर लाजही वाटली. परतताना एसटीत दादा म्हणाला, "जाऊ दे. यंत्र चालतंय ना." बचत गटाचे सात हप्ते अजून राहिले आहेत आणि ते आई भरते.

दिवाळीत आमच्या मावसभावाला संगणक घ्यावयाचा होता. तोही नकाशांचेच काम शिकला आहे. मी त्याला वहीच्या पानावर तीन प्रश्न लिहून दिले. स्मृती ईसीसी आहे काय, आणि असल्यास मदरबोर्ड ती मानतो काय? ग्राफिक्स कार्ड माझ्या प्रोग्रॅमच्या यादीत आहे काय, असल्यास यादी दाखवा. बिघडल्यास दुरुस्तीला कोण येणार आणि किती दिवसांत, हे बिलावर लिहून देता काय? दोन दुकानांत त्याला "हे सगळं तुम्हाला कशाला पाहिजे?" असे विचारले गेले. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने पान नीट वाचले आणि सांगितले की त्याच्या कामाला वर्कस्टेशनची जरुरी नाही, पण कार्ड मात्र यादीतले घ्यावे. तो ५१ हजारांत साधा पीसी घेऊन आला. पेटीला दिवे नाहीत, याचे त्याला थोडे वाईट वाटते.